सामाईक भिंत

पुष्पाबाई जिन्याच्या मधोमध अडकल्या. त्यांना वर चढायला सांगावं की खाली उतरायला, हेच वामनरावांना कळेना.

"हात दे इकडं," ते खालून म्हणाले.

"हात देऊन काय होते? दुखते गुडघा." पुष्पाबाई कठडा धरून हळूच पायरीवर बसल्या. "मी आता इथंच बसते. चवळीच्या शेंगा आणून द्या, सोलून टाकते तोवर."

वामनरावांना ती थट्टा वाटली. पण पुष्पाबाईंनी खरोखरच हात पुढे केला होता. मग त्यांनी शेंगांची टोपली आणून दिली आणि स्वतः शेजारच्या नूरजहांबींना बोलवायला गेले. नूरजहांबी ब्लाउजची शिलाई अर्धी टाकून आल्या, तोवर निम्म्या शेंगा सोलून झाल्या होत्या.

"भाभी, बसूनच उतरा. लहान लेकरं उतरतात तसं," नूरजहांबी म्हणाल्या. "मी खालून धरते."

तशाच त्या उतरल्या. एकेका पायरीवर बसत, टेकत. मधेच त्यांना हसू आलं आणि नूरजहांबींनाही. वामनराव मात्र हसले नाहीत. हा जिना त्यांना फार आवडायचा. अरुंद, उभा, शिडीचा सख्खा भाऊ. सागवानी कठड्याच्या टोकाला कोरलेला गोल गट्टू. त्याचं चित्र त्यांनी कितीदा काढलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना वाटलं, हा जिना बांधणाऱ्यानं म्हातारं माणूस कधी पाहिलंच नसेल.

मलकापूरच्या स्टेशनपासून थोड्या अंतरावर प्रेस लाईन आहे. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका इंग्रज कंपनीनं आपल्या कारकुनांसाठी आणि फिटरांसाठी ती घरं बांधली. कंपनीचा साहेब जिथून आला होता तिथं जशी घरं होती, तशीच त्यानं इथं उठवली. एकाला एक चिकटलेली, दोन घरांत एकच भिंत, सगळ्यांवर मिळून एकच लांब छप्पर. लाल विटांमध्ये पिवळ्या विटांची नक्षी. दारावर कमान आणि कमानीच्या मधल्या दगडावर कोरलेलं कापसाचं बोंड. रस्त्याच्या बाजूला पोट काढलेली खिडकी, तिची काचेची झडप वर सरकणारी. दाराशी बुटांचा चिखल खरवडायला लोखंडी पट्टी. छप्पर इतकं उतरतं की बर्फ पडला तर घसरून जावा. मलकापुरात मे महिन्यात अंगणात पापड भाजून निघतात, पण छपरं आपली बर्फाची वाट पाहत उभी.

प्रत्येक घराच्या समोरच्या खोलीत धुराडं होतं आणि त्याखाली भिंतीतच शेकोटीचा कोनाडा. तिथं कधी कुणी विस्तव पेटवल्याचं ऐकिवात नाही. नूरजहांबींच्या घरी त्या कोनाड्यात शिलाईचं कापड असे. वामनरावांच्या घरी तिथं देव बसले होते.

वामनराव नारखेडे शाळेत चित्रकला शिकवत. वडिलांनी कंपनी बंद पडताना हे घर घेतलं होतं. वर्ग घेऊन आले की वामनराव रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखाली, फळी मांडून बसत आणि लाईनचं चित्र काढत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी पुष्पाबाईंना हात धरून तिथं उभं केलं होतं. "हे पाहा, एक वीट आडवी, एक उभी. एक आडवी, एक उभी. दिसते का?" वरवट बकालच्या शेतकऱ्याची ती मुलगी घाबरून गेली होती. पुढे ती नूरजहांबींना सांगे, "मले वाटलं, बापानं येड्याले देली."

पुढे मुंबईहून जुन्या इमारती पाहणारी माणसं आली. वामनरावांनी त्यांना घराघरांतून फिरवलं, चित्रं दाखवली, चहा पाजला. काही काळानं प्रेस लाईन संरक्षित झाली; घरांचं बाहेरचं रूप बदलायला बंदी आली. कोपऱ्यावर निळी पाटी लागली. त्या दिवशी वामनरावांनी सगळ्या लाईनीत पेढे वाटले.

पेढा घेतला नाही तो एकट्या पुंजाजी बोंडेंनी. त्यांचं घर वामनरावांच्या घराला लागून, डाव्या हाताला. सरकी-ढेपेचं दुकान, दोन मुलं. थोरला लग्न होऊन वर राहत होता, धाकट्याचं ठरत होतं. त्याच्यासाठी छप्पर काढून वर दोन खोल्या चढवायच्या म्हणून त्यांनी लोखंड आणून टाकलं होतं. पाटी लागली आणि ते काम थांबलं. कुणीतरी मधला मार्ग काढायचा म्हटलं, तर वामनरावांनीच पाहणीला आलेल्या साहेबांना सांगितलं होतं की एक छप्पर वर गेलं की सगळी ओळ गेली. ते खरंच होतं. धाकटा ज्ञानेश्वर मग चिखलीला गेला, तिथंच स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. पुंजाजींनी लोखंड विकलं आणि वामनरावांशी बोलणं सोडलं. रस्त्यात समोर आले तर ते चपलेकडे पाहत.

*

डॉक्टरांनी गुडघ्याकडे फारसं पाहिलंच नाही. छाती तपासून ते म्हणाले, "हृदय थकलंय. जिना बंद. आणि रात्री-अपरात्री मागच्या अंगणात जायचं नाही."

जिना बंद करणं सोपं होतं. समोरची खोली वामनरावांनी पाहुण्यांसाठी जपून ठेवली होती. तिथल्या वेताच्या खुर्च्या हलल्या आणि खिडकीशी पुष्पाबाईंचा पलंग आला. पण संडास मागच्या अंगणाच्या टोकाला होता, स्वयंपाकघरातून उतरून, उघड्यावरून. नाशिकहून लेक सुचितानं फोनवर खोलीतच ठेवायची संडासाची खुर्ची सुचवली. पुष्पाबाई ऐकून घेईनात.

"देवाच्या खोलीत?" त्या म्हणाल्या. "त्यायच्या डोळ्यादेखत? मी उपाशी राहीन, पण हे नाही करणार."

त्यांनी पाणी पिणं कमी केलं. वामनरावांच्या ते दोन दिवसांनी ध्यानात आलं. तांब्या भरलेला तसाच असे.

मग त्यांनी गोकुळ प्लंबरला बोलावलं. स्वयंपाकघराला लागून, समोरून दिसणार नाही अशी छोटी खोली काढायला हरकत नव्हती. गोकुळनं दोरी लावून पाहिली, पाणी ओतून पाहिलं, आणि डोकं खाजवलं.

"सर, ढाळ भेटत नाही. सगळ्या लाईनीचं पाणी त्या अंगानं जाते, पुंजाजीकडून. त्यायच्या अंगणातून पायप न्यावा लागते. फरशी फोडावी लागते."

"दुसरा काही इलाज?"

"दुसरा इलाज असता तं मी काऊन पुंजाजीचं नाव घेतलं असतं?"

दोन दिवस वामनरावांनी काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. तशीच कमान, तसंच बोंड, तशीच पायरी. फक्त ही पायरी ते कित्येक वर्षांत चढले नव्हते.

पुंजाजी समोरच्या खोलीत ढेपेचा हिशेब सुनेला समजावत होते. त्यांनी वर पाहिलं. "बसा," असं म्हटलं नाही. सून आत गेली.

वामनरावांनी उभ्यानंच सांगितलं. पाइप, ढाळ, फरशी. फरशी होती तशी बसवून देईन. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, आणि सांगताना त्यांना वाटलं, आपण पुष्पाचा आजार पुढे करून भीक मागतो आहोत.

पुंजाजींनी हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "मास्तर, ज्ञानू दिवाळीले येते. जेवते, अन् त्याच राती मोटरसायकल काढते. लेकरं मागं झोपी जातात बसल्या बसल्या. काऊन जातो रे बापा, म्हटलं. तं म्हणते, झोपाले जागा कुठं हाय बाबा."

पुंजाजींनी वही बाजूला सारली.

"तुम्हाले एक उभी न एक आडवी वीट दिसली. मले माहा पोरगा दिसत होता."

"मी लिहून देतो," वामनराव म्हणाले. "तुम्हाला खोल्या चढवू द्या म्हणून. मुंबईला जाऊन सांगतो पाहिजे तर."

"आता कोणासाठी? त्यानं तिकडं घर बांधलं." पुंजाजी उठले. "फरशी नाही फोडत मी."

घरी आल्यावर वामनरावांनी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दोन्ही घरांच्या मधे दीड विटेची भिंत होती आणि पुष्पाबाईंचा पलंग तिला टेकलेला होता.

संध्याकाळी ते रस्त्यापलीकडे जाऊन लिंबाखाली उभे राहिले. उन्हात विटा तांबड्या झाल्या होत्या. ओळ तशीच सुंदर होती, याचंच त्यांना वाईट वाटलं. परतल्यावर ते पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले.

"हे सगळं मी करून ठेवलं," ते म्हणाले. "पाटी नसती, तर आज हे असं झालं नसतं."

"मले ह्या घराचा राग नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुम्ही ते त्या अंगाहून पाह्यलं, लिंबाखालून. मी इथून पाह्यलं. दोन्हीकडून चांगलंच हाय." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "पुंजाजीले मात्र तुम्ही एक डाव विचाराले पायजे होतं. तवा."

"तेव्हा सुचलं नाही."

"हाव. तुम्हाले चित्र काढताना काहीच सुचत नाही."

*

पुंजाजी रोज सकाळी दूध घेऊन खिडकीवरून जात. खालची काच वर सरकवलेली असे आणि पलंगावरच्या पुष्पाबाईंचं तोंड रस्त्यावरून चालणाऱ्याच्या तोंडाच्या पातळीत येई. लाईनीतली सगळीच माणसं आता तिथं थांबत. कुणी भाजीचा भाव सांगे, कुणी सुनेची तक्रार. नूरजहांबी तर शिलाईही तिथंच आणून बसत. पुंजाजी तेवढे मान खाली घालून पुढे जात. वहिनीशी त्यांचं भांडण नव्हतं, पण मास्तरांच्या खिडकीत थांबायचं कसं?

एके दिवशी सकाळी पुष्पाबाईंनी हाक मारली.

"भाऊजी, थांबा जरा."

पुंजाजी थांबले. मधल्या खोलीत वामनराव चहा गाळत होते. त्यांचा हात तसाच राहिला.

"दिवाळीले ज्ञानू येईन ना?"

"येईन. जाईन."

"त्याले सांगा, औंदा जाऊ नको म्हणा. आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या हायेत. मी काही आता वर जात नाही. गाद्या हायेत, पंखा हाय. लेकरायले घेऊन या म्हणा चांगलं चार रोज."

पुंजाजींनी दुधाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "वहिनी, ते पायपाचं..."

"पायपाचं मधात नका आणू. तो तुमचा न मास्तरचा झगडा हाय, तुम्ही दोघं पाहून घ्या. हे माह्यं हाय." त्यांना धाप लागली होती. जरा थांबून त्या पुढे म्हणाल्या, "तुमचा ज्ञानू लहानपणी ह्याच जिन्यावरून पडला होता. आठवते का? तुम्ही घरी मारता म्हणून आमच्या घरी लपाले आला होता. त्याले ह्या घराची सवय हाय."

"अन् मास्तर काय म्हणतीन?"

"मास्तरलेच खोल्या झाडाले लावते."

पुंजाजी हसले की नाही ते वामनरावांना आतून दिसलं नाही. पावलं मात्र लगेच निघाली नाहीत.

तो दिवस गेला, पुढचाही गेला. वामनरावांनी वरच्या खोल्या खरोखरच झाडल्या, जुने कागद बांधून ठेवले, गाद्यांना ऊन दाखवलं. गुडघे त्यांचेही कुरकुरत होते. मग एका सकाळी भिंतीपलीकडून पहारीचा आवाज आला. ते मागच्या अंगणात गेले. बुटक्या कुंपणापलीकडे गोकुळ फरशीच्या सांध्यात छिन्नी घालत होता आणि पुंजाजी त्याच्या डोक्यावर उभे होते.

"सांभाळून काढ बे," ते गोकुळला म्हणत होते. "तेच बसवाची हाय परत."

त्यांनी वामनरावांकडे पाहिलं.

"मास्तर, उभे काऊन? माती कुठं टाकाची ते सांगा याले," पुंजाजी म्हणाले.

वामनरावांनी कोपरा दाखवला. मग घमेलं आणलं. दोघं म्हातारे दुपारपर्यंत माती ओढत होते. बोलले फार थोडं, तेही मातीबद्दल आणि ढाळाबद्दल. पुष्पाबाई पलंगावर पडून ऐकत होत्या. नूरजहांबींना त्यांनी सांगितलं, "चहा टाका. दोघायलेही. अन् साखर सारखी टाका, नाहीतर पुन्हा बोलणं बंद होईन."

खोली नवरात्रात झाली. पत्र्याचं छत, पांढऱ्या टाइल्स, धरायला दोन्हीकडे दांडे. पहिल्या दिवशी नूरजहांबींचा खांदा धरून पुष्पाबाई तिथवर गेल्या आणि दार आतून लावून घेतलं. पुष्कळ वेळ बाहेर आल्या नाहीत. वामनराव घाबरून दाराशी गेले.

"काय झालं?"

"काही नाही," आतून आवाज आला. "बसली हाय. चांगलं वाटून राह्यलं."

*

दिवाळीत ज्ञानेश्वर आला आणि राहिला. त्याची बायको समता, आणि दोन लेकरं. रात्री त्यांच्या पावलांनी वरची लाकडी जमीन वाजू लागली. धाकटी पोर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. वामनरावांना राहवेना.

"जुन्या फळ्या आहेत," ते म्हणाले. "सांगून येऊ का?"

"वाजू द्या," पुष्पाबाई म्हणाल्या. त्या छताकडे पाहत पडल्या होत्या. "सुचिता सासरी गेली तेव्हापासून वर कोणी पळालं नाही."

सकाळी समतानं त्यांची वेणी घातली. पुंजाजी दोन वेळा काही ना काही निमित्त काढून खिडकीशी आले. चार दिवसांचे सहा झाले. जाताना ज्ञानेश्वर पाया पडला. वामनरावांना तो काहीतरी बोलेल असं वाटत होतं. तो एवढंच म्हणाला, "सर, तुमच्या जिन्याची एक पायरी हलते. पुढच्या वेळी येतो तेव्हा बसवून देतो." वामनरावांनी मान हलवली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी पुष्पाबाई गेल्या. त्यांनी काच वर करून मागितली होती, थोडी गार हवा यावी म्हणून. वामनराव शाल आणायला मधल्या खोलीत गेले आणि परत आले, तेवढ्यातच. खिडकीबाहेर भाजीवाली उभी होती. तिला वाटलं, आजीचा डोळा लागला.

सुचिता आली. लाईनीतली सगळी माणसं आली. नूरजहांबींनी तेरा दिवस स्वयंपाकाचं कुणाला पाहू दिलं नाही. तेराव्यानंतर पाहुणे गेल्यावर पुंजाजी येऊन समोरच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर बसले. सुचितानं नुकतंच वडिलांना नाशिकला चला म्हटलं होतं.

"जाणार?" पुंजाजींनी विचारलं.

"ती म्हणते, काही दिवस तरी या."

पुंजाजींनी पलंगामागच्या भिंतीवर तळवा टेकवला. "इतकी वर्षं बोललो नाही आपण. पण मले सारं ऐकू येत होतं. वहिनी सकाळी ताक घुसळत, देवाचं म्हणत. तुमच्यावर चिडत. मी तिकडं चहा पेत पेत ऐकत राहो. एक डाव त्या तीन दिवस माहेरी गेल्या, तं मले वाटलं, काय झालं काय तिकडं. विचाराव कोणाले?" त्यांनी हात काढून घेतला. "जा. पण ये-जा ठेवा."

सुचिता संक्रांतीनंतर न्यायला येते म्हणून गेली. दिवस मावळला. वामनरावांनी देवाला दिवा लावला आणि खुर्चीवर बसले. घरात इतकं शांत होतं की दिव्याची वात ऐकू यावी. पुष्पाबाई नाहीत म्हणून असं वाटतं, अशी त्यांनी समजूत घातली. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की भिंतीपलीकडूनही आवाज नाही. रोज संध्याकाळी पुंजाजींच्या घरी टीव्हीवर बाजारभाव लागत. ती घरं झाली तेव्हा टीव्ही नव्हता, म्हणून भिंतींनीही तो कधी अडवला नाही. पुष्पा गेली त्या दिवसापासून तो एकदाही वाजला नव्हता.

वामनराव उठले. चपला घातल्या आणि शेजारच्या दारात गेले. पुंजाजी अंधारातच बसले होते. थोरली सून लेकरांना दबक्या आवाजात दटावत होती.

"पुंजाजी, टीव्ही लावा."

"असू द्या मास्तर. राहू द्या काही दिवस."

"लावा," वामनराव म्हणाले. "तिलाही सवय होती. एखाद्या दिवशी तुमच्याकडून आवाज आला नाही, की मला म्हणायची, बिमार आहेत का, नूरजहांबीला विचारा."

पुंजाजींनी नातवाला हाताने खूण केली.

वामनराव घरी आले आणि पलंगावर, भिंतीला पाठ लावून बसले. पलीकडून आवाज येऊ लागला. अकोला, खामगाव, मलकापूर. कापूस, सोयाबीन, तूर. शब्द नीट कळत नव्हते. थोड्या वेळानं पलीकडे कुणीतरी आवाज वाढवला.